चुकली एक सेटिंग आणि पुसायची अख्खी डिस्क?

मोबाइलवर फिरणारा एक मेसेज तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. सेटिंग बदलताना चूक झाली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना, तर काय करायचं याचे त्यात ओळीने पाच उपाय आहेत. मदरबोर्डवरचा सेल काढा आणि पाच मिनिटांनी परत लावा. एफ८ दाबत राहून सेफ मोडमध्ये जा. नाही जमलं तर कमांड प्रॉम्प्टवर ‘बूटरेक’च्या (विंडोज सुरू करणारी व्यवस्था दुरुस्त करणाऱ्या) सगळ्या कमांड एकामागून एक चालवा. तरीही नाही, तर ‘रेगबॅक’ फोल्डरमधल्या फाइली ‘कॉन्फिग’ फोल्डरमध्ये टाका. आणि शेवटी फॉरमॅट मारा, डेटा तसाही गेलेलाच असतो.

यातलं शेवटचं वाक्य धडधडीत खोटं आहे. आधीचे चार उपाय कधीकाळी, कुठल्या तरी कॉम्प्युटरवर खरे होते, आणि म्हणूनच लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात. माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र एकेका उपायावर नाही. सेटिंग चुकली म्हणजे एका ठिकाणची एक नोंद बदलली. ती पूर्ववत केली की बहुतेक वेळा काम होतं. हा मेसेज ती नोंद कोणती, हे विचारतच नाही. उलट आणखी चार ठिकाणी हात घालायला सांगतो, आणि मग मूळ चूक कोणती आणि उपाय करताना झालेली कोणती, हे जाणकारालाही ओळखता येत नाही.

त्यामुळे काहीही करण्याआधी कॉम्प्युटर कुठवर जातो, एवढं नीट बघा. पंखे फिरतात पण स्क्रीनवर कंपनीचं चिन्हसुद्धा येत नाही, तर प्रश्न बहुधा बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधल्या, सेटिंगचा आहे. चिन्ह येतं आणि मग ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश येतो, तर बूटचा (सुरू होण्याचा) क्रम किंवा बूटची पद्धत बदलली असण्याची शक्यता मोठी. गोल फिरणारे ठिपके दिसून मग निळा स्क्रीन आला, तर विंडोज सुरू व्हायला लागलं होतं आणि आत अडकलं. या तीन अवस्थांचे उपाय वेगवेगळे आहेत. मेसेज तिघांनाही एकाच रांगेत उभं करतो.

आता सेलचं बघू. मदरबोर्डवरचा तो ३ व्होल्टचा, बहुधा सीआर२०३२ जातीचा सेल जुन्या कॉम्प्युटरांत बायोसच्या सेटिंग्ज जपून ठेवायचा. वीज तोडली की त्या पुसल्या जायच्या. आजच्या यूईएफआय (बायोसची नवी पिढी) असलेल्या कॉम्प्युटरांत बऱ्याचशा सेटिंग्ज फ्लॅश चिपमध्ये असतात आणि त्या चिपला आठवण ठेवायला वीज लागत नाही. सेल तिथे मुख्यतः घड्याळ चालू ठेवतो. म्हणून अनेक मदरबोर्डवर सेल काढून काहीच होत नाही, त्यासाठी ‘क्लिअर सीमॉस’चा वेगळा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) किंवा बटण दिलेलं असतं. लॅपटॉपचा बायोस पासवर्डही सेल काढून सहसा जात नाही.

पण उपाय चालला नाही, तर फारसं बिघडत नाही. चालला तर खरी अडचण सुरू होते. कारण मग चुकलेली एक सेटिंग नव्हे, सगळ्याच सेटिंग्ज कारखान्यातून आल्या तशा होतात. तुमचं विंडोज मात्र त्या सेटिंग्जवर बसवलेलं असेलच असं नाही. डिस्क कंट्रोलर एएचसीआय या साध्या पद्धतीवर ठेवून विंडोज टाकलं असेल आणि मूळ सेटिंग रेडची (अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतीची) असेल, तर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं लिहिलेला निळा स्क्रीन येतो. जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेलं विंडोज असेल आणि मूळ सेटिंगमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद असेल, तर बायोसला ती डिस्क बूट करण्यासारखी वाटतच नाही. ज्याने फक्त रॅमचा वेग वाढवून पाहिला होता, त्याच्यापुढे आता डिस्कचा प्रश्न उभा राहतो, आणि डिस्कच गेली असं त्याला वाटतं. डिस्क अगदी धडधाकट असते.

त्यात बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर आणखी एक पायरी वाढते. सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) किंवा टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) यांच्या सेटिंग्ज बदललेल्या दिसल्या की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. आजकाल पुष्कळ लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू झालेलं असतं. ती की बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर साठवलेली असते आणि मोबाइलवरून त्या अकाउंटमध्ये जाऊन बघता येते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाकडे असते. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो: बदललेली सेटिंग होती तशी परत केली, तर बहुतेकदा विंडोज की मागणंच थांबवतं.

मग सेल किंवा जंपरचा उपाय योग्य कधी? रॅमचा वेग किंवा व्होल्टेज बदलल्यावर स्क्रीन पूर्ण काळा राहिला आणि बायोसमध्ये शिरताच येत नसेल, तेव्हा. तेव्हाही थोडं थांबा. बरेच मदरबोर्ड दोन-चार अपयशी प्रयत्नांनंतर स्वतःच सुरक्षित सेटिंगवर येतात. डीडीआर५ रॅम असलेले कॉम्प्युटर सेटिंग पुसल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवाजुळव करण्यात काही मिनिटं घालवतात, आणि तोवर स्क्रीन काळाच असतो. घाईने वायर उपटली तर ते काम पुन्हा पहिल्यापासून. बायोस उघडत असेल तर सेल काढायचं काही कारणच नाही. आत जा, प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा आणि चुकलेली तेवढी एक सेटिंग परत बदला.

एफ८ बद्दल फार लिहिण्याची गरज नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ती की मुळात बंदच असते, कारण विंडोज इतकं झटकन सुरू होतं की ती दाबायला वेळच उरत नाही. सुरू होण्याचे लागोपाठ दोन प्रयत्न फसले की रिकव्हरीचा निळा मेनू आपोआप येतो. लॉगिनच्या स्क्रीनपर्यंत पोहोचत असाल तर शिफ्ट धरून रीस्टार्टवर क्लिक करा. दोन्ही होत नसेल तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून ‘रिपेअर’ निवडा.

एक गोष्ट मात्र सुटते. कधी कधी सेफ मोड हीच चूक असते. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग्जच्या खिडकीत ‘सेफ बूट’वर टिक करून रीस्टार्ट केलेला माणूस सेफ मोडमध्येच अडकतो, आणि तिथे पिन चालला नाही तर बाहेर पडायची वाटच सापडत नाही. त्याच खिडकीत ‘मॅक्सिमम मेमरी’वर टिक करून भलता आकडा ठेवला तर विंडोज उभंच राहत नाही. वेग वाढवण्याच्या नावाखाली हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातोय. दोन्हींचा उपाय एकाच जागी आहे: रिकव्हरी मेनूतल्या कमांड प्रॉम्प्टवर ‘बीसीडीएडिट’ (बूटच्या नोंदी बदलणारी कमांड) वापरून डीफॉल्ट नोंदीतली ‘सेफबूट’ किंवा ‘ट्रंकेटमेमरी’ ही एक व्हॅल्यू काढून टाकायची. बाकी कशाला हात लावायचा नाही.

तिसरा उपाय ‘बूटरेक’चा. त्यातली ‘फिक्सएमबीआर’ ही कमांड डिस्कचा पहिला सेक्टर दुरुस्त करते. जीपीटी (पार्टिशनच्या नव्या मांडणीच्या) डिस्कवरून यूईएफआय पद्धतीने सुरू होणारा कॉम्प्युटर बूट होताना त्या सेक्टरमधला कोड वापरतच नाही. ‘फिक्सबूट’ला अशा कॉम्प्युटरवर बरेचदा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ हे उत्तर मिळतं. मग लोक ते ‘डिनाइड’ घालवण्यासाठी आणखी कुठून तरी कमांड शोधतात आणि चांगलं चाललेलं बूट पार्टिशन फॉरमॅट करून बसतात. मुळात सेटिंग चुकल्याने बूटच्या फाइली खराब होत नाहीत. त्या खरोखरच कुणी पुसल्या असतील, तर यूईएफआय कॉम्प्युटरवर ‘बीसीडीबूट’ ही कमांड त्या नव्याने लिहिते. तेव्हाही आधी ‘डिस्कपार्ट’मध्ये पार्टिशनची यादी बघा. रिकव्हरीत सी म्हणून दिसणारा ड्राइव्ह तुमच्या विंडोजचा असेलच याची खात्री नसते.

या पाचांतला चौथा उपाय मला सर्वांत घातक वाटतो. विंडोज पूर्वी रजिस्ट्रीची (जिथे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जच्या नोंदी असतात) प्रत ‘रेगबॅक’ फोल्डरमध्ये नियमित ठेवायचं. २०१८ मध्ये विंडोज १०ची १८०३ आवृत्ती आली आणि हे थांबलं. फोल्डर आहे, त्यात ‘सिस्टिम’, ‘सॉफ्टवेअर’ नावाच्या फाइलीही दिसतात, पण त्यांचा आकार शून्य बाइट असतो. मेसेजमध्ये सांगितल्याप्रमाणे त्या ‘कॉन्फिग’ फोल्डरमध्ये टाकल्या, तर एक चुकीची नोंद असलेल्या पण बाकी पूर्ण शाबूत रजिस्ट्रीवर तुम्ही कोरी फाइल लिहिता. त्यानंतर विंडोज सुरू होण्याचा प्रश्नच येत नाही, आणि जी एक नोंद पाच मिनिटांत दुरुस्त झाली असती तिच्यासोबत बाकीची सगळी रजिस्ट्री जाते.

रजिस्ट्री बिघडली असेल तर आधी रिकव्हरी मेनूतून ‘सिस्टिम रिस्टोअर’ करून बघा. चुकीच्या आधीचा रिस्टोअर पॉइंट असेल तर रजिस्ट्री त्या दिवसाची होते. तुमचे फोटो नि कागदपत्रं जागच्या जागी राहतात, फक्त त्यानंतर टाकलेले प्रोग्रॅम निघून जातात. अनेक कॉम्प्युटरांवर ही सोय बंदच असते. अशा वेळी त्याच कमांड प्रॉम्प्टवर ‘रेजएडिट’ उघडा. समोर दिसते ती रिकव्हरीची रजिस्ट्री, तुमची नव्हे. तुमची उघडण्यासाठी ‘एचकी लोकल मशीन’ निवडून फाइल मेनूतून ‘लोड हाइव्ह’ करा, विंडोजच्या ड्राइव्हवर ‘सिस्टिम३२’मधल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरमधली ‘सिस्टिम’ फाइल दाखवा आणि तिला काहीही तात्पुरतं नाव द्या. त्याआधी त्या फाइलची एक प्रत मात्र नक्की काढून ठेवा.

आत ‘करंटकंट्रोलसेट’ दिसणार नाही, आणि इथेच बरेच जण गोंधळतात. ‘सिलेक्ट’ या कीमध्ये ‘करंट’ची किंमत १ असेल तर ‘कंट्रोलसेट००१’ उघडायचा. ‘ही सर्व्हिस बंद करा, कॉम्प्युटर वेगवान होईल’ असल्या याद्या वाचून डिस्कचा ड्रायव्हर किंवा एखादी महत्त्वाची सर्व्हिस बंद केलेली असेल, तर तिच्या नोंदीत ‘स्टार्ट’ची किंमत ४ झालेली सापडेल. बूटच्या वेळी लागणाऱ्या ड्रायव्हरसाठी ती ०, आपोआप सुरू होणाऱ्या सर्व्हिससाठी २ असते. ती किंमत पूर्वीसारखी करा, ‘अनलोड हाइव्ह’ करा आणि रीस्टार्ट करा.

राहता राहिला फॉरमॅट. सेटिंगच्या चुकीने फाइली पुसल्या जात नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचायची नेहमीची वाट तेवढी बंद असते. लिनक्स असलेल्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून त्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करता येतात. तेही जवळ नसेल तर रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टवर नोटपॅड उघडा, त्याच्या ‘ओपन’ खिडकीत ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि तिथूनच कॉपी-पेस्ट करा. बिटलॉकर असेल तर त्याआधी ती ४८ आकडी की लागेल. एसएसडी असेल तर फॉरमॅटनंतर ट्रिममुळे (पुसलेली जागा एसएसडी स्वतःच रिकामी करते) पुसलेला डेटा परत मिळण्याची आशा जवळजवळ उरत नाही. म्हणजे ‘डेटा तसाही गेलेलाच असतो’ हे वाक्य ऐकून फॉरमॅट करणारा माणूस स्वतःच्या हाताने ते खरं करतो.

लिनक्स वापरणाऱ्यांनाही हाच सल्ला मिळतो, आणि तिथे तर तो आणखी अनाठायी आहे. कोणती डिस्क कुठे जोडायची हे लिहिलेल्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये डिस्कची एक ओळ चुकली की बूट साधारण दीड मिनिट थांबतं आणि इमर्जन्सी मोड येतो. रूट, म्हणजे सिस्टिमचं मुख्य, पार्टिशन लिहिण्याजोगं करून घ्यायचं आणि ती ओळ दुरुस्त करायची, इतकंच काम असतं.

नव्याने सिस्टिम टाकावी लागते अशी वेळ येते, हे मी नाकारत नाही. संपूर्ण ड्राइव्हच्या परवानग्या एका कमांडने बदलल्या असतील, किंवा वरच्या चौथ्या उपायाने रजिस्ट्री कोरी झाली असेल आणि रिस्टोअर पॉइंटही नसेल, तर एकेक नोंद शोधत बसण्यात अर्थ नाही. तिथेही विंडोजच्या ‘रीसेट’मध्ये ‘माझ्या फाइली ठेवा’ असा पर्याय आहे. प्रोग्रॅम जातात, तुमच्या फोल्डरमधल्या फाइली राहतात. पण त्या पर्यायाच्या भरवशावरही राहू नका. आधी कॉपी करा, कॉपी झालेल्यांपैकी दोन-चार फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, आणि त्या नीट उघडल्या की मगच पुढचं बटण दाबा.