ओल्या अंथरुणासाठी फिटचे औषध थांबवू नका

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. कोरडे झोपणारे मूल एखादे औषध सुरू झाल्यावर रात्री अंथरूण ओले करू लागले, तर ते औषध मूत्रपिंडे निकामी करत आहे असे समजावे. डॉक्टर औषध बदलायला तयार नसतात, म्हणून ते त्याच दिवशी बंद करावे. संध्याकाळी पाचनंतर पाणी देऊ नये. रात्री दोनदा उठवावे. झोपताना तीळ, गूळ आणि ओव्याचा लाडू द्यावा. एवढे करूनही फरक पडला नाही तर औषधाच्या दुकानातून ‘शू थांबवणारी गोळी’ आणावी, आणि मुलाला थोडी लाज वाटू द्यावी.

मी डॉक्टर नाही, फिटचे औषध घेणाऱ्या एका मुलाची आई आहे. हा संदेश मी अडीच दिवस पाळला होता आणि त्याची किंमत माझ्या मुलाने मोजली. नंतर त्यातले एकेक वाक्य घेऊन मी डॉक्टरांना प्रश्न विचारले, स्वतः वाचले, आणि आता त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

मूत्रपिंडांच्या विधानापासून सुरुवात करते, कारण बाकी सारे त्यावरच उभे आहे. सोडियम व्हॅल्प्रोएट हे फिटचे औषध घेणारी काही मुले, त्यापूर्वी कित्येक महिने कोरडी झोपत असूनही, अंथरूण ओले करू लागतात. हा त्या औषधाचा नोंदला गेलेला दुष्परिणाम आहे. रिस्पेरिडोन आणि क्लोझापीन यांसारख्या मानसिक आजारांवरील औषधांनीही असे होऊ शकते. म्हणजे औषधाचा आणि ओल्या अंथरुणाचा संबंध असू शकतो, एवढा संदेशाचा भाग खरा आहे, आणि त्या खऱ्या भागाच्या आधाराने पुढचा चुकीचा भाग गळी उतरतो. रात्री कोरडे राहायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात : रात्री लघवी कमी तयार व्हावी, तयार झालेली मूत्राशयात मावावी, आणि मावत नसेल तर मेंदूने मुलाला जागे करावे. औषधामुळे झोप फार गाढ झाली, तहान वाढून पिणे वाढले, मूत्राशयाच्या स्नायूंवर परिणाम झाला किंवा बद्धकोष्ठ होऊन आतड्यातला कडक मळ मूत्राशयावर दाबू लागला, तरी ही घडी विस्कटते. यातल्या कशातही मूत्रपिंड नासलेले नसते. व्हॅल्प्रोएटमुळे क्वचित मूत्रपिंडाच्या नलिकांवर परिणाम झाल्याची उदाहरणे आहेत, ती मी लपवत नाही. पण त्याचे निदान रक्त आणि लघवीच्या तपासणीतून होते, ओल्या चादरीवरून नव्हे. या औषधाबाबत डॉक्टर मुख्यतः यकृताकडे आणि रक्तातल्या प्लेटलेट्सकडे लक्ष ठेवतात. मुलाला सतत उलट्या, विलक्षण सुस्ती किंवा कावीळ दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शिवाय औषध घेणाऱ्या मुलाचे प्रत्येक ओले अंथरूण औषधाच्याच खात्यावर मांडता येत नाही. पाच वर्षांच्या 100 मुलांपैकी सुमारे 15 मुले कोणतेही औषध न घेता अंथरूण ओले करतात, आणि आई किंवा वडील लहानपणी तसे करत असतील तर मुलात ते दिसण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो की मूल आधी सलग सहा महिने तरी कोरडे झोपत होते का. या प्रश्नाच्या उत्तराने पुढच्या शोधाची दिशा ठरते, आणि संदेशात नेमका हाच प्रश्न नाही.

आता ‘औषध त्याच दिवशी बंद करा’ याविषयी. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. व्हॅल्प्रोएटचा डोस वाढवल्यावर तीन आठवड्यांनी चादरी भिजू लागल्या. सासूबाईंनी काळजीपोटी हा संदेश मला दाखवला आणि म्हणाल्या, “अगं, ते सिरपच पोराची किडनी खातंय.” शुक्रवारी रात्रीपासून मी सिरपची बाटली कपाटात ठेवून दिली. शनिवारची आणि रविवारची चादर कोरडी निघाली, तेव्हा मला आपण बरोबर केले असेच वाटले. सोमवारी पहाटे त्याला फिट आली. सासूबाई कांदा घेऊन धावल्या. मी त्याला कुशीवर वळवले, तोंडात काही घालू दिले नाही आणि घड्याळाकडे पाहत राहिले. पाच मिनिटे उलटली तरी फिट थांबत नव्हती. 108 क्रमांकावर फोन केला, रुग्णवाहिकेत औषध दिल्यावर ती थांबली, आणि दोन दिवस आम्ही रुग्णालयात होतो.

मला नंतर समजले की याला योगायोग म्हणता येत नाही. फिटचे औषध अचानक बंद केल्यावर फिट परत येण्याचा, आणि ती एकामागून एक येत राहून जिवावर बेतण्याचा धोका कोणत्याही ओल्या अंथरुणापेक्षा कितीतरी मोठा आहे. हे औषध थांबवायचे असते तेव्हाही डॉक्टर बहुधा दोन वर्षे फिट आली नसल्याची खात्री करून ते आठवड्या-महिन्यांच्या टप्प्यांनी उतरवतात. मूत्रपिंडातून प्रथिने जाण्याच्या विकारासाठी अनेक मुले आठवडेच्या आठवडे प्रेडनिसोलोन घेतात, त्यांनाही हेच लागू आहे. हे स्टेरॉइड दीर्घकाळ घेताना शरीराची स्वतःची स्टेरॉइड तयार करण्याची क्रिया मंदावलेली असते, आणि गोळी एकाएकी बंद झाली तर उलट्या, गळाठा आणि रक्तदाब खाली जाण्यापर्यंत वेळ येते. ‘बंद नको, अर्धाच देते’ हाही तोच निर्णय आहे, आणि तो घरी घ्यायचा नाही.

औषध थांबवण्याने आणखी एक नुकसान होते : ओले अंथरूण ज्याची खूण असू शकते ते कारण दडून राहते. फिटचा आजार असलेल्या मुलात रात्रीची ओली चादर ही कुणाच्या लक्षात न आलेल्या फिटचीही खूण असू शकते. जीभ किंवा गालाची आतली बाजू चावलेली असणे, उशीवर लाळेचा किंवा रक्ताचा डाग, सकाळी डोके दुखणे, अंग ठणकणे, मूल गोंधळलेले उठणे, यांपैकी काही दिसले तर औषध कमी पडत असण्याची शक्यता असते, आणि तेच औषध बंद करणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. मूल एकाएकी खूप पाणी पिऊ लागले, वजन उतरू लागले, थकू लागले आणि अंथरूणही ओले होऊ लागले, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासावी. हा मधुमेह असू शकतो, आणि स्टेरॉइड घेणाऱ्या मुलात औषधानेही साखर वाढते. ताप आणि लघवीला जळजळ असेल तर संसर्गाची तपासणी हवी.

आमच्या डॉक्टरांनी मला यासाठी एकच काम दिले. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात ओल्या रात्रीला निळा ठिपका, डोस बदलला त्या दिवशी लाल रेघ, आणि शौचाला झाली नाही त्या दिवशी फुली. मागच्या ओल्या रात्री मी आठवून भरल्या, पुढच्या रोज सकाळी टिपल्या. शिवाय दोन रात्री मोबाइल समोर लावून झोपेचे चित्रण केले. सहा आठवड्यांनी ते पान उतरवून दवाखान्यात नेले. लाल रेघेनंतर तीन आठवड्यांनी निळे ठिपके सुरू झाले होते, औषध बंद केल्याच्या दिवसांत नव्हते, ते पुन्हा सुरू झाल्यावर परत आले होते. फुल्या फारशा नव्हत्या आणि चित्रणात मूल शांत झोपलेले होते. डॉक्टर म्हणाले, “ताई, हे पान मला तपासणीच्या रिपोर्टइतकंच कामाचं आहे.” त्यांनी दुसरे औषध हळूहळू चढवत व्हॅल्प्रोएट काही आठवड्यांत उतरवले. निळे ठिपके आधी विरळ झाले, मग थांबले. ‘औषध बदलायला डॉक्टर तयार नसतात’ असे संदेश म्हणतो, पण माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी ते बदलले, आणि फिट न येऊ देता बदलले. प्रत्येक वेळी औषध बदलावेच लागते असेही नाही. कधी डोस कमी करून भागते, तर कधी त्याची विभागणी किंवा वेळ बदलून. असा दुष्परिणाम पालकांनाही शासनाकडे नोंदवता येतो : औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालतो आणि त्याचा निःशुल्क क्रमांक 1800-180-3024 आहे.

पाणी तोडण्याच्या सल्ल्याबद्दल मला जास्त लिहावेसे वाटते, कारण तो निरुपद्रवी वाटतो. चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी साधारण 1000 ते 1400 मिलिलिटर पेय लागते, आणि विदर्भातल्या आमच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. माझा मुलगा शाळेतून साडेपाचला यायचा तेव्हा त्याची पाण्याची बाटली जवळजवळ भरलेली असायची. कारण विचारले तर म्हणाला, “आई, तिथल्या मुतारीत जाववत नाही, म्हणून मी पाणीच पीत नाही.” दिवसभर कोरडा राहिलेला मुलगा घरी येऊन लागोपाठ तीन पेले पाणी प्यायचा, आणि ते रात्री चादरीवर उतरायचे. अशा मुलाचे पाचनंतरचेही पाणी तोडले तर तो दिवसभर तहानलेलाच राहील, शौचाला कडक होईल आणि त्याने अंथरूण ओले होणे वाढेलच. उपाय पाणी तोडण्याचा नसून पाणी सकाळकडे सरकवण्याचा आहे : साधारण 40 टक्के दुपारपर्यंत, 40 टक्के पाचपर्यंत, उरलेले 20 टक्के त्यानंतर, आणि संध्याकाळचा चहा व कोला बंद. आम्ही वर्गशिक्षिकांना भेटलो आणि मधल्या सुट्टीच्या आधी, गर्दी नसताना, त्याला जाऊ देण्याची सोय करून घेतली. टोपिरामेट हे फिटचे औषध घेणाऱ्या मुलांत तर पाणी कमी करणे सरळ धोक्याचे आहे, कारण त्या औषधाने मूतखडे होऊ शकतात आणि घाम कमी येऊन अंग तापू शकते. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या मुलाने किती प्यावे, ते मात्र त्याचे डॉक्टरच ठरवतात.

रात्री उठवून नेल्याने त्या रात्रीची चादर वाचते, पण अर्धवट झोपेत चालवत नेलेले मूल स्वतः जागे व्हायला शिकत नाही. शिवाय अपुऱ्या झोपेने फिट येऊ शकते, म्हणून आमच्यासारख्या घरांत दोनदा उठवणे टाळलेलेच बरे. तीळगुळाचा लाडू मुलाने आवडीने खावा, त्याने अंथरूण कोरडे राहते याला आधार नाही.

सगळ्यात घातक सल्ला गोळीचा आहे. ‘शू थांबवणारी गोळी’ म्हणून जी मागितली जाते ती बहुधा डेस्मोप्रेसिन असते. ती रात्रीची लघवी कमी करते, म्हणजे प्यायलेले पाणी शरीरातच राहते. त्यामुळे गोळीच्या आधी एक तास आणि नंतर आठ तास मुलाने फारसे काही प्यायचे नसते. हे पाळले गेले नाही तर रक्तातले सोडियम घसरते, आणि सोडियम फार घसरले की फिट येऊ शकते. कार्बामॅझेपीन आणि ऑक्सकार्बाझेपीन ही फिटची औषधे मुळातच सोडियम कमी करू शकतात, मग दोन्ही एकत्र आल्यावर धोका वाढतो. याच कारणाने अमेरिकेच्या औषध नियामकाने 2007 मध्ये नाकात फवारण्याच्या डेस्मोप्रेसिनचा अंथरूण ओले होण्यावरचा वापर बंद केला. जुनी इमिप्रामिनची गोळी फिट येण्याची शक्यता वाढवते आणि जास्त पोटात गेली तर हृदयाची लय बिघडवते. योग्य मुलाला, योग्य तपासणीनंतर डेस्मोप्रेसिन उपयोगी पडते हे खरे आहे. चिठ्ठीशिवाय काउंटरवरून ते घेऊन येणे हा उपचार नव्हे. ज्या मुलांत औषधाचा संबंध नाही, त्यांच्यासाठी ओल लागताच वाजणारी घंटा असते. दोन-तीन महिने चिकाटीने वापरली तर सुमारे दोन तृतीयांश मुलांना तिचा गुण येतो.

राहिली लाज. ज्या मुलाला वर्गात फिट आली आहे, ज्याच्याकडे सगळ्यांनी वळून पाहिले आहे, त्याला लाज शिकवावी लागत नाही. माझा मुलगा भिजलेली चड्डी पलंगामागे लपवत असे आणि मी पहाटे ती शोधत असे. ते थांबले ते अंथरूण बदलल्यावर. गादीवर मेणकापड, त्यावर चादर, त्यावर पुन्हा मेणकापड आणि पुन्हा चादर, असे दुहेरी अंथरूण मी घालू लागले. उशाशी कोरडी चड्डी आणि टॉवेल. भिजले की तो वरची जोडी स्वतः ओढून काढायचा, बादलीत टाकायचा, कपडे बदलायचा आणि खालच्या कोरड्या चादरीवर झोपून जायचा. दिवा लावायची किंवा मला हाक मारायची गरज पडायची नाही. सकाळी कॅलेंडरवर निळा ठिपकाही तोच काढायचा.