‘एसीत बसून युरो मोजणाऱ्यांनी…’ या प्रतिक्रियेला उत्तर

परदेशात एकटे राहताना येणारा ताण आणि वैताग कसा हाताळावा, या माझ्या मागील लेखावर आर्णी तालुक्यातील एका वाचकांनी प्रतिक्रिया दिली आहे. इतरांना संदर्भ कळावा म्हणून ती आधी जशीच्या तशी देते.

“ताई, एसीत बसून युरो मोजणाऱ्यांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या लोकांना ताणतणाव शिकवू नये. वहीत लिहा, फिरायला जा, कोणाशी तरी बोला, हे उपाय ज्याच्या खिशात परतीचे तिकीट आहे त्याच्यासाठी. आमच्या गावची पोरे आखातात आहेत, त्यांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहेत. त्यांनी वहीत काय लिहावे? बाकी तो परदेशी प्राध्यापक आणि त्याचे चार टप्पे तुम्हालाच लखलाभ. आणि जर्मनीत हिवाळ्यात साडेतीन नाही, साडेचार तासांचा फरक असतो.”

भाऊ, आपले शेवटचे वाक्य बरोबर आहे. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात, त्यामुळे भारत आणि जर्मनीच्या वेळेतला उन्हाळ्यातला साडेतीन तासांचा फरक हिवाळ्यात साडेचार होतो. चूक माझीच आहे आणि लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली म्हणून मला राग येत नाही, एवढे तरी यावरून आपल्या लक्षात यावे.

राग आला तो पहिल्या वाक्याचा. ‘ताई’ म्हणून हाक मारायची आणि दुसऱ्याच शब्दाला टोमणा मारायचा, ही रीत आपल्या भागातली नव्हे. आपल्याकडे पारावर कितीही कडाक्याचे भांडण होवो, समोरच्याला आधी ‘बसा, पाणी घ्या’ म्हणतात. मतभेद सभ्य शब्दांत मांडता येतो, आणि आपली भाषा पाहता आपण शिकलेले दिसता, म्हणून हे अधिकच खटकले.

एसीचेच घ्या. जर्मनीतील बहुतेक घरांत एसी नसतो आणि मी ज्या रुग्णालयात परिचारिका होते तेथील आमच्या वॉर्डातही तो नव्हता, कारण त्या इमारती थंडी बाहेर ठेवण्यासाठी बांधलेल्या असतात. २५ जुलै २०१९ रोजी पश्चिमेकडे डुइसबुर्गला पारा ४१.२ अंशांवर गेला आणि तो त्या देशाचा उच्चांक ठरला. स्टुटगार्टजवळच्या आमच्या लहान शहरात तो एवढा चढला नाही, परंतु उतरत्या छपराखालच्या माझ्या खोलीत साधा पंखाही नव्हता. दिग्रसचा ४४ अंशांचा मे महिना दर वर्षी अंगावर काढलेली मी त्या रात्री ओला टॉवेल पांघरून फरशीवर झोपले, आणि मला आठवत राहिला तो आमच्या ओसरीतला पत्र्याचा कूलर व त्याच्या भिजलेल्या वाळ्याचा वास.

युरो मात्र मी खरोखरच मोजत होते. ज्याला पुरत नाहीत त्याला मोजावेच लागतात. माझ्या जर्मन भाषेच्या वर्गासाठी आणि एजंटाच्या पैशासाठी बाबांनी दोन एकर वावर गहाण टाकले होते. भारतातील नर्सिंगची पदविका तेथे आपोआप चालत नाही. तिला मान्यता मिळेपर्यंत, म्हणजे माझ्या बाबतीत चौदा महिने, मदतनिसाच्या पगारावर काम करावे लागले. त्यातून कर, आरोग्यविमा, निवृत्तिविमा, बेरोजगारीविमा आणि शुश्रूषाविमा कापून सुमारे दोन-तृतीयांश रक्कम हाती येत असे, आणि घरात टीव्ही नसतानाही दरमहा १७.५० युरो प्रसारणशुल्क भरावे लागत असे. त्या शुल्काचे पहिले पत्र आले तेव्हा ती फसवणूक आहे असे समजून मी ते फेकून दिले होते. दुसरे आले ते दंडासह.

पैशाचे एकदाचे निभावले. ज्या गोष्टीने मला आतून पोखरले ती वेगळी होती आणि मागील लेखात मी ती संकोचाने दोन ओळींत उरकली होती, म्हणून आता सविस्तर लिहिते. तालुक्याच्या ठिकाणी मी सहा वर्षे नोकरी केली होती. रात्री वीज गेलेली असताना मोबाइलच्या उजेडात लहान मुलाच्या हाताची शीर शोधणारी म्हणून डॉक्टर मलाच बोलावत. आमच्या जर्मन वॉर्डात शिरेत सुई लावणे आणि रक्त काढणे हे डॉक्टरांचे काम, आणि माझ्या वाट्याला सकाळी सहापासून नऊ रुग्णांना पुसून काढणे, दात घासून देणे, कपडे बदलणे हे आले. आपल्याकडे हे काम रुग्णासोबत आलेले घरचे माणूस करते. ते काम हलके आहे असे मी मुळीच म्हणत नाही, तेथे तो नर्सिंगचा गाभाच मानतात आणि पुढे मलाही ते पटले. परंतु पहिल्या वर्षी मी रोज घरी येऊन माझ्या बोटांकडे पाहत बसत असे.

त्यात भाषा. पुण्यात राहून मी जर्मनची बी-टू, म्हणजे वरच्या मध्यम पातळीची परीक्षा पास झाले होते, आणि स्वाबियन बोलीच्या, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे ती पुस्तकी जर्मन पहिल्याच आठवड्यात उघडी पडली. एक आजोबा मध्यरात्री ‘टेप्पिश’ मागत होते. पुस्तकात टेप्पिश म्हणजे गालिचा. आजोबांना भ्रम झाला असे समजून मी तशी नोंद केली आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना उठवले. स्वाबियन बोलीत टेप्पिश म्हणजे पांघरायची घोंगडी, हे मला सकाळी सर्वांसमोर समजावण्यात आले, आणि तोवर ते आजोबा रात्रभर कुडकुडत पडले होते. त्याच बोलीत ‘फूस’ म्हणजे केवळ पाऊल नव्हे तर अख्खा पाय, हेही मी असेच फजिती होऊन शिकले. पुण्यात भाजीवाल्याकडे मी सांबार मागितला तेव्हा तो म्हणाला होता, ‘मग हॉटेलात जा ना’. आपल्या वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर हे त्याला काय ठाऊक! पण तेथे हसून पुढे जाता आले, येथे एका माणसाची रात्र थंडीत गेली. हा प्रसंग मी कोणाला सांगितला असता तर मोकळी झाले असते. सांगितला नाही, कारण घरी फोन केला की दादाचे ठरलेले वाक्य येई: ‘तुला काय कमी आहे तिथं?’

भाऊ, आपले वाक्य मला नवीन नाही, एवढेच सांगायचे आहे. दादा प्रेमाने म्हणत असे, आपण कुत्सितपणे म्हटलेत, पण दोन्हींचा परिणाम सारखाच होतो: समोरचा माणूस बोलायचे थांबतो. मी तर सात-आठ महिने घरी फक्त हवामान सांगत होते. बर्फ पडला, बर्फ वितळला. परदेशी गेलेल्या माणसाला पैसे पाठवण्याचा हक्क मिळतो आणि कुरकुर करण्याचा हक्क जातो. ‘कोणाशी तरी बोला’ हा उपाय आपल्याला चैनीचा वाटला. मला तो मिळवायला वर्ष लागले, आणि तोही केरळच्या एका वयस्क सहकारिणीमुळे. दर गुरुवारी ती मला स्वतःच्या स्वयंपाकघरात बसवून लसूण सोलायला लावत असे आणि काही विचारत नसे. तिला मराठी येत नव्हते, मला मल्याळम येत नव्हते, म्हणून आम्ही दोघी मोडक्या जर्मनमध्ये रडलो.

परतीच्या तिकिटाविषयी आपण जे लिहिले आहे ते वाचून मी संगणक बंद करून उठले होते. २२ मार्च २०२० नंतर भारतात येणारी प्रवासी विमाने बंद झाली आणि अडकलेल्यांना आणणारी पहिली विमाने ७ मे रोजी आली. माझे बाबा या दोन तारखांच्या मध्ये गेले. टाळेबंदीत खरेदी थांबली होती, कापूस घरातच पडून होता, आणि आदल्या रविवारी त्यांनी फोन फिरवून मला तो ढीग दाखवला होता, छतापर्यंत गेलेला. पहाटे पाचला ते गेले तेव्हा माझ्याकडे रात्रीचे दीड वाजले होते आणि मी पाळीवर होते. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. मी चादरींच्या खोलीत दार लावून फोनवर पाहत होते. नदीकाठी नेटवर्क गेले आणि चित्र एका कडुलिंबाच्या फांदीवर थांबले, आवाज मात्र शेवटपर्यंत येत राहिला. माझ्या बँकेत त्या दिवशी तिकिटाचे पैसे होते, हवे असतील तर आपण तेही मोजून घ्या. साडेतीन तासांचा आकडा माझ्या डोक्यात का बसला आहे आणि हिवाळ्याबद्दल लिहितानाही हातून का उतरला, हे आता आपल्याला कळले असेल.

त्या परदेशी प्राध्यापकाबद्दल थोडे. कालेर्वो ओबर्ग हे मानववंशशास्त्रज्ञ होते, आणि नव्या देशात माणसाला बसणाऱ्या धक्क्याविषयीचे त्यांचे व्याख्यान १९५४ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे झाले. आधी भुरळ, मग चिडचिड, मग हळूहळू सावरणे, मग रुळणे, हे त्यांचे टप्पे सर्वांना याच क्रमाने येत नाहीत, हे मी लेखातही म्हटले होते, जे बहुधा आपण वाचलेले नाही. त्यांनी दिलेली लक्षणांची यादी मात्र मला माझ्याच रोजनिशीसारखी वाटली: सारखे हात धुणे, शून्यात पाहत बसणे, क्षुल्लक विलंबावरून भडकणे, आपल्याच देशाच्या जुन्या रहिवाशांवर विसंबून राहावेसे वाटणे. घरच्या ओढीचे उदाहरण म्हणून त्यांनी चांगली कॉफी आणि ॲपल पाय लिहिले आहे, कारण त्यांच्यासमोर अमेरिकन माणसे होती. माझ्या बाबतीत ती पाटोडीची रस्साभाजी होती. १९६३ मध्ये गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने दाखवले की मायदेशी परतल्यावर माणूस पुन्हा तसाच खाली जातो, आणि तेही खरे निघाले: २०२३ मध्ये गावी आल्यावर न कळवता घरात शिरणाऱ्या काकूंवर मी ओरडले होते. हे सगळे आपल्याला लखलाभ नको असेल तर नको, परंतु न वाचता त्याची थट्टा करणे योग्य नाही.

‘यवतमाळ जिल्ह्यातल्या लोकांना’ हे शब्द आपण कोणत्या अर्थाने वापरले तेही मला समजते. ज्या जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवले, त्या जिल्ह्यात माझ्यासारखीच्या वैतागाला काय किंमत, असा तो अर्थ आहे. त्यांच्या स्मरणार्थ १९ मार्चला होणारा अन्नत्याग मी जर्मनीतही पाळला आहे, कॅन्टीनमध्ये न जाता अख्खी पाळी उपाशी काढून. माझ्या घरावरही पीककर्ज होते आणि गुलाबी बोंडअळीने २०१७ चा हंगाम आमचाही खाल्ला. त्यामुळे या जिल्ह्याचे दुःख मला कोणी बाहेरून येऊन सांगावे, अशी वेळ अजून आलेली नाही.

आखातातील कामगारांचा मुद्दा आपण मांडलात, तो गंभीर आहे. परंतु तो कायद्याचा आणि करारांचा विषय आहे व माझा लेख त्यावर नव्हता. पासपोर्ट अडवला असेल तर दूतावासात तक्रार करता येते, आणि परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. एका लेखात सर्व देश आणि सर्व परिस्थिती येऊ शकत नाहीत.

वहीचे मात्र सांगितलेच पाहिजे, कारण आपण तिची सर्वांत जास्त खिल्ली उडवली. ती शंभर पानी साधी वही होती, दिग्रसच्या बाजारातून नेलेली. डाव्या पानावर मी माझ्या हातात असलेल्या गोष्टी लिहीत असे, उजव्या पानावर नसलेल्या. डावीकडे स्वाबियन शब्द, मान्यतेच्या परीक्षेची तारीख, कोणत्या कार्यालयात कोणता कागद द्यायचा. उजवीकडे डिसेंबरमध्ये साडेचारलाच पडणारा अंधार, वरिष्ठ परिचारिकेचा स्वभाव, आईचे गुडघे. ताण हाताळण्याचे असे दोन मार्ग, म्हणजे प्रश्नावर काम करणे आणि प्रश्नामुळे होणाऱ्या तडफडीवर काम करणे, लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये सांगितले आहेत. मला ती नावे पुढे कळली. उजव्या पानांतील गोष्टींवर चिडून मी डाव्या पानांतील कामे टाळत होते, हे मला त्या वहीत उघड दिसले. एकदा डावे पान रिकामे आणि उजवे भरलेले असे सलग तीन आठवडे झाले, तेव्हा मी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन झोप लागत नसल्याचे सांगितले. मानसोपचाराची वेळ मिळायला पाच महिने थांबावे लागले. आपल्याकडे आता १४४१६ या टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदत क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीत बोलता येते, तो क्रमांक मी मागील लेखाच्या शेवटी दिला होता. तोही आपण पाहिलेला दिसत नाही.

आपल्या गावच्या ज्या मुलांचे पासपोर्ट अडकले आहेत, ती खरोखर असतील आणि केवळ वादासाठी आणलेली नसतील, तर त्यांच्या घरच्यांना माझ्याकडे पाठवा. मदद संकेतस्थळावरील तक्रार मी भरून देईन. दर रविवारी दुपारी मी घरी असते. मात्र येणाऱ्याने दारात ‘युरोवाल्या ताई कुठं राहतात’ असे विचारू नये, एवढे आपण त्यांना सांगून ठेवावे.