महाडचं तळं एका दिवसात खुलं झालं नव्हतं

20 मार्च जवळ आला की तो मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सांगणं एकच असतं: 1927 साली याच दिवशी बाबासाहेब महाडला गेले, चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायले आणि तळं सगळ्यांना खुलं झालं. एकट्या माणसाने, एका दिवसात, रक्ताचा थेंबही न सांडता तहानलेल्या समाजाला पाणी मिळवून दिलं.

लिहिणाऱ्याचं प्रेम खरं आहे, त्याबद्दल शंका नाही. यंदा माझ्या भाचीने शाळेतल्या भाषणासाठी हाच मजकूर वहीत उतरवून घेतला, तेव्हा मात्र मला गप्प बसवेना. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची आहे, आणि या चुकांमुळे बाबासाहेबांचं मोठेपण वाढत नाही, उलट कमी होतं.

आधी 'एका दिवसात' बघू. कागदावर हे तळं 1927 च्या आधीच खुलं होतं. रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला आणि तो 4 ऑगस्ट 1923 ला मंजूर झाला: सरकारी पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा अशी ठिकाणं अस्पृश्यांना खुली करावीत. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने तसा ठराव करून तळं खुलं केलं. तरी तळ्यावर जायची कुणाची छाती होत नव्हती. ठराव दप्तरात आणि पाणी तळ्यात, मधली वाट गावाच्या दहशतीने अडवलेली. ती वाट चालून जाणं हा त्या दिवसाचा पराक्रम होता.

आणि पाणी प्यायल्यावर तरी तळं खुलं झालं का? नाही. सनातन्यांनी 108 घागरी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. 4 ऑगस्ट 1927 ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं होताना, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तर तळं खाजगी मालकीचं आहे असा दावा लावून 14 डिसेंबरला कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला गेला. तो खटला खालच्या कोर्टातून वर चढत हायकोर्टात गेला आणि निकाल लागला 17 मार्च 1937 ला. बंदीची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. पाणी प्यायल्याच्या दिवसापासून मोजलं तर दहा वर्षांना फक्त तीन दिवस कमी. या दहा वर्षांत वकिलीची कामं, गोलमेज परिषदा, पुणे करार असं सगळं मागे लागलेलं असताना बाबासाहेबांनी ही केस सोडली नाही. मेसेजमधला 'एक क्षण' हा चिवटपणा गिळून टाकतो.

आता 'एकट्या माणसाने'. मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे.

त्या दिवशी लोक तळ्यावर गेले ते महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतून. ती परिषद भरली कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या माणसांच्या धडपडीने. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते, आणि परिषदेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ते कामगार चळवळीत, कम्युनिस्ट पक्षात गेले, म्हणून की काय, महाडच्या गोष्टीतून त्यांचं नाव गळत गेलं. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस सोबत होते. बाबासाहेबांचे सहकारी गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे होते. 20 तारखेला परिषद संपत आली असताना, आता सगळ्यांनी मिळून तळ्यावर जाऊ या, असं उठून सुचवलं ते अनंतराव चित्रे यांनी. मग मंडपातली माणसं रांग धरून बाजारातून तळ्याकडे निघाली. बाबासाहेब पुढे होते आणि मागे हजारो.

त्यांच्याही आधी, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाल्यावर लेखणी घेऊन बसले होते. अस्पृश्यता धर्माला धरून आहे का, असे प्रश्न धर्ममार्तंडांना विचारणारी त्यांची 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका 1888 ची. या मातीची मशागत चाळीस वर्षं चालली होती.

एक गोष्ट तर मी भाचीला दोनदा वाचून दाखवली. परिषदेला आलेल्या लोकांना प्यायला पाणी लागणार होतं. तळं पलीकडेच, काठोकाठ. स्वागत मंडळाला मात्र 40 रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. 1927 चे 40 रुपये. शेतावर राबणाऱ्या, गिरणीत खपणाऱ्या माणसांच्या वर्गणीतले.

'रक्ताचा थेंबही न सांडता' हे तर धडधडीत खोटं. माणसं पाणी पिऊन मंडपात परतली आणि गावात अफवा उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून आला. काही जण अजून जेवत होते, त्यांचं अन्न मातीत गेलं. परतीच्या वाटेवर एकेकट्याला गाठून मारलं. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. आलेल्यांत लष्करात नोकरी केलेले पुष्कळ होते, हात उगारणं त्यांना जड नव्हतं. बाबासाहेबांनी शब्द टाकला आणि त्यांनी हात आवरला. नेतृत्व कशाला म्हणतात ते मला इथे दिसतं, आणि त्यात ऐकणाऱ्यांचाही तेवढाच वाटा आहे. रक्त सांडलंच नाही म्हटलं, की त्यांचा संयमही पुसला जातो.

राहिलं 'तहानलेल्या समाजाला पाणी'. याचं उत्तर बाबासाहेबांनी डिसेंबरच्या परिषदेत स्वतःच दिलं आहे. हे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, इतके दिवस ते न पिताही आपण जगलोच आहोत. इतरांसारखी आपणही माणसं आहोत, हे सिद्ध करायला तळ्यावर जायचं आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. त्याच भाषणात त्यांनी माणसाचे समान हक्क जाहीर करणाऱ्या 1789 च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला. 25 डिसेंबरला रात्री, सहस्रबुद्ध्यांनी मांडलेल्या ठरावानुसार, मनुस्मृतीचं दहन झालं. पाण्याची सोय एवढाच प्रश्न असता, तर नवी विहीर खणून तो मिटला असता.

आणि त्या डिसेंबरला तर कुणी पाण्याला हातही लावला नाही. मंडपासाठी जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. बाबासाहेब बोटीने दासगाव बंदरात उतरून तिथून पायी आले. हजारोंनी तुरुंगात जायच्या तयारीने नावं नोंदवली होती. पण मनाई हुकूम हाती पडला होता, आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबायचं ठरलं. लोक नाराज झाले. तरी मिरवणूक निघाली, तळ्याला फेरी घालून परत आली. ज्या तळ्यासाठी आलो त्याच्या काठाने चालायचं आणि ओंजळ रिकामी ठेवायची. ही मिरवणूक कुठल्याच मेसेजमध्ये नसते.

भाचीने विचारलं, "मावशी, बायका नव्हत्या का तिथे?"

होत्या. कितीतरी वर्षं त्यांना कुणी विचारलंच नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन, त्यांच्या तोंडून ऐकून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं, तेव्हा ती बाजू मराठीत नीट उभी राहिली. डिसेंबरची परिषद आटोपल्यावर बाबासाहेबांनी महाडमध्ये बायकांची वेगळी सभा घेतली. नेसणं आणि दागिने पाहूनच बाईची जात ओळखू यायची: गुडघ्यापर्यंतचं लुगडं, हातभर गोट-पाटल्या. ही ओळख टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. घरी परतायच्या आतच त्या बायकांनी लुगडी सोडून पायघोळ नेसून घेतली, आणि तशाच त्या आपापल्या गावाच्या वाटेला लागल्या.