कमी वजनाचे बाळ, रक्तदाब आणि चिमूटभर मीठ

गेल्या रविवारी इंदूरच्या राजेंद्रनगरात ताईकडे गेले, तेव्हा ती चांदीच्या बोंडल्यात म्हशीचे दूध ओतून त्यात साखर आणि चिमूटभर मीठ विरघळवत होती. नात चार महिन्यांची, जन्मतः वजन 2,200 ग्रॅम. भाचीला दूध पुरेसे येते, मुलीचे वजनही नीट वाढते आहे. मग हा खटाटोप कशाला, असे विचारताच ताईने मोबाइल पुढे केला. तीन गटांतून तिच्याकडे आलेल्या त्या संदेशाचा सारांश असा: कमी वजनाच्या बाळाची मूत्रपिंडे दुबळी असतात, म्हणून त्याला मोठेपणी रक्तदाब होणारच, तो टाळण्यासाठी चौथ्या महिन्यापासून साखर-मीठ घातलेले वरचे दूध द्यावे, पाच वर्षांपर्यंत मूल गुबगुबीत करावे, आणि रक्तदाब हा म्हाताऱ्यांचा आजार असल्याने लहानपणी तो मोजू नये.

मूत्रपिंडांविषयीच्या विधानात तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. गर्भात वाढ खुंटली, तर रक्त गाळणारे नेफ्रॉन कमी तयार होतात, आणि गर्भारपणाच्या साधारण 36व्या आठवड्यानंतर नवे तयार होत नाहीत. पण ज्या बाळाकडे गाळण्याच कमी, त्याच्यावरच वरून मीठ लादायचे, हा कुठला न्याय? तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडांना जास्तीचे मीठ बाहेर टाकणे मुळातच अवघड जाते, आणि त्याला लागते तेवढे सोडियम आईच्या दुधात असतेच. म्हशीच्या दुधात प्रथिने आणि क्षार आईच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक असल्याने हा भार आणखी वाढतो. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यायला सांगते, ते ताईच्या पिढीला खिजवण्यासाठी नव्हे.

‘होणारच’ हा शब्द तर निव्वळ भीती घालण्यासाठी आहे. जन्मवजन आणि पुढचा रक्तदाब यांचा संबंध डेव्हिड बार्कर या ब्रिटिश वैद्यक संशोधकांनी 1980च्या दशकात ब्रिटनमधील नोंदींवरून मांडला, आणि तो पुढेही आढळत राहिला. परंतु जन्मवजनातील एक किलोच्या फरकामागे रक्तदाबाच्या वरच्या आकड्यात सरासरी फार तर दोनेक मिलिमीटरचा फरक पडतो. त्यावरून एकेका बाळाचे भविष्य कसे वर्तवणार?

गुबगुबीतपणाचा सल्ला मात्र नेमका उलटा आहे. ब्राझील, ग्वाटेमाला, भारत, फिलिपिन्स आणि दक्षिण आफ्रिका येथील आठ हजारांहून अधिक व्यक्तींना जन्मापासून प्रौढ वयापर्यंत पारखणारा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2013 साली प्रसिद्ध झाला, भारतातील व्यक्ती दिल्लीच्या होत्या. पहिल्या दोन वर्षांत उंची चांगली वाढलेली मुले मोठेपणी उंच झाली आणि अधिक शिकली. दोन वर्षांनंतर उंचीच्या मानाने ज्यांचे वजन झपाट्याने वाढले, त्यांच्यात प्रौढपणी स्थूलता आणि वाढलेला रक्तदाब अधिक आढळला. म्हणजे ज्या वयात हा संदेश ठासून खाऊ घालायला सांगतो, तेच वय जपायचे आहे. ‘अंगाने भरलेले’ म्हणून कौतुक करण्यापूर्वी उंची आणि वजन दोन्ही वाढीच्या तक्त्यावर मांडून पाहावे.

उरला मोजणीचा मुद्दा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 साली तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी रक्तदाब मोजण्याची शिफारस केली असून, फार अपुऱ्या दिवसांच्या किंवा गर्भात वाढ खुंटलेल्या मुलांचा तो त्याआधीही तपासण्यास सांगितले आहे. फक्त दंडाचा पट्टा मुलाच्या मापाचा हवा. मोठ्यांचा पट्टा गुंडाळला, तर आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.