जुनं मशीन आणि ‘पाण्यासारखं’ तेल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुन्या मशीनमध्ये कडक थंडीत कुठलं तेल घालावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की एका ठिकाणी चूक माझीच आहे, आणि ती मी लेखात दुरुस्त केली आहे. त्यावर पुढे येतोच.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं : चाळीस वर्षांच्या डोझरला उणे ३० अंशांत ५डब्ल्यू-४० सिंथेटिक घालायला सांगणं म्हणजे तो भंगारात काढायला सांगणं. झिजलेल्या इंजिनात क्लिअरन्स, म्हणजे भागांमधल्या फटी, वाढलेले असतात, तिथे पाण्यासारखं तेल टिकत नाही, सील गळायला लागतात. आणि १५डब्ल्यू-४० च्या डब्यावर पोअर पॉइंट (ज्या तापमानापर्यंत तेल वाहतं तो आकडा) उणे ३३ छापलेला असताना घाबरायचं कशाला?

‘पाण्यासारखं’ या शब्दावर माझा आक्षेप आहे. ग्रेडमधला दुसरा आकडा, म्हणजे ४०, हा इंजिन तापल्यावरचा. १०० अंशांना ४० ग्रेडच्या तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्समध्ये असावी लागते, मग पुढे ५डब्ल्यू असो की १५डब्ल्यू. तुमच्या झिजलेल्या बेअरिंगला दुपारी कामावर दोन्ही तेलं जवळपास सारखीच भेटतात. फरक आहे तो सकाळचा, थंड इंजिन सुरू करतानाचा, आणि तो डब्ल्यूच्या आधीचा आकडा सांगतो. १५डब्ल्यू तेलाची क्रँक फिरवण्याची चाचणी उणे २० ला होते आणि पंपाने ओढलं जाण्याची उणे २५ ला. ५डब्ल्यूच्या याच चाचण्या उणे ३० आणि उणे ३५ ला होतात. म्हणजे तुम्ही ज्या उणे ३० बद्दल बोलताय, तिथे १५डब्ल्यूने कसलीच हमी दिलेली नाही. आणि ५डब्ल्यूलाही त्या थंडीत ६,६०० सेंटिपॉइजपर्यंत (हेही घट्टपणाचंच माप) मुभा आहे. हा जवळजवळ मधाचा घट्टपणा झाला, पाण्याचा नव्हे.

आता पोअर पॉइंट. हा आकडा कसा काढतात ते एकदा बघाच. बरणीत तेल गार करत जायचं, दर ३ अंशांना बरणी कलती करून बघायची. आडवी धरूनही पाच सेकंद तेल हललं नाही की त्याच्या ३ अंश वरचं तापमान म्हणजे पोअर पॉइंट. बरणीत तेल हललं म्हणून इंजिनात ते स्ट्रेनरमधून (जाळीतून) पंपापर्यंत पोचेल, असं त्यातून अजिबात निघत नाही. अमेरिकेत साउथ डकोटामधल्या सू फॉल्स परिसरात १९८०-८१ च्या हिवाळ्यात याचा फटका बसला. तेव्हाच्या सगळ्या चाचण्या पास झालेली तेलं होती, तरी इंजिनं गेली. तेल हळूहळू गार होत गेलं, त्यातल्या मेणाची जाळी तयार झाली आणि सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या पॅनमध्ये, त्याचा दह्यासारखा गोळा झाला. पंपाने पहिल्या ओढीत त्यात एक खळगा पाडला, आजूबाजूचं तेल तो भरायला आलं नाही, आणि पंप हवा ओढत बसला. झटपट गार करणाऱ्या प्रयोगशाळेला हे दिसलंच नव्हतं. आजची पंपिंगची चाचणी जवळपास दोन दिवस सावकाश गार करून घेतात, ती त्यामुळेच. म्हणून मी डब्यावरचा पोअर पॉइंट वाचतो आणि सोडून देतो.

सीलबद्दल तुम्ही निम्मे बरोबर आहात. जुन्या नायट्राइल (एक प्रकारचं रबर) सीलना जुन्या मिनरल तेलातल्या ॲरोमॅटिक्स नावाच्या घटकांमुळे फुगून राहायची सवय लागलेली असते. निव्वळ पीएओ बेसमध्ये (सिंथेटिकचं एक मूळ तेल) ते आकसतात. म्हणून बरेच उत्पादक त्यात सील फुगवणारं एस्टर मिसळतात. पण कडक होऊन चिरलेल्या सीलला कुठलंच तेल वाचवत नाही. तिथे इतके दिवस काजळीनेच बूच मारलेलं असतं, नवं तेल ते धुऊन काढतं आणि मग दोष तेलावर जातो. गळती झाली तर जमिनीवर डाग दिसेल, तेल वर टाकता येईल. मेन बेअरिंग तीस सेकंद कोरडं फिरलं तर ते बाहेरून कळत नाही. मी गळती पत्करेन, आणि सील उन्हाळ्यात बदलेन.

आता माझी चूक. ‘पॉवरशिफ्ट ट्रान्समिशनलाही हेच इंजिन ऑइल चालून जातं’ असं एक वाक्य मी लिहिलं होतं (पॉवरशिफ्ट म्हणजे तेलाच्या दाबावर गिअर बदलणारं ट्रान्समिशन). ते काढलं. अशा ट्रान्समिशनमध्ये तेलात बुडालेल्या क्लच प्लेट असतात, त्यांना ठरावीक घर्षण लागतं. इंजिन ऑइलमधली काही रसायनं ते घर्षण बिघडवतात आणि क्लच घसरायला लागतो. शिवाय मल्टिग्रेडमधला, म्हणजे ५डब्ल्यू-४० सारख्या दोन आकड्यांच्या तेलातला, पॉलिमर गिअरच्या दातांत चिरडला जातो. कॅटरपिलरचा टीओ-४ हा दर्जा यासाठीच आहे, आणि त्यात १०डब्ल्यू, ३०, ५० असे सिंगल ग्रेड सर्रास मिळतात. थंडीत तिथे मॅन्युअलमधला तापमानाचा तक्ता बघून ग्रेड खाली आणायचा, दर्जा तोच ठेवायचा. जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रोनायझर (गिअर जुळवणाऱ्या कड्या) असतील तर जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइलसुद्धा डोळे झाकून ओतू नका. त्यातलं गंधक पितळ खाऊ शकतं.

हायड्रॉलिकचं तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी बोंब तिथेच असते. साधं व्हीजी ४६ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल शून्याच्या थोडं खाली गेलं की अनेक व्हेन पंपांची (पात्यांच्या पंपांची) सुरू करतानाची घट्टपणाची मर्यादा, सुमारे ८६० सेंटिस्टोक्स, ओलांडतं. अशाच थंडीत एका जुन्या लोडरवर मी स्वतः घाईने बूम (पुढचा हात) उचलला होता. पंप असा किंचाळला की तो आवाज अजून आठवतो.

राहिलं एक. काही जुनी टू-स्ट्रोक डिझेल, उदाहरणार्थ डेट्रॉइटची ७१ सिरीज, सिंगल ग्रेड ४० आणि कमी राखेचं (जळल्यावर थोडीच राख उरणारं) तेलच मागतात. तिथे मी ५डब्ल्यू-४० सुचवणार नाही. तिथे उपाय हीटरचा : कूलंट गरम करायचं, सम्पला कमी वॅटचा पॅड लावायचा. जास्त वॅटचा लावलात तर पॅनच्या तळाशी तेल करपतं.

तेव्हा तुमच्या डोझरचं इंजिन कुठलं, ते कळवा. टू-स्ट्रोक असेल तर इंजिन ऑइलपुरता हा वाद तुम्ही जिंकलात.