पळव म्हणे त्याला!

कुत्र्याचं पिल्लू घरातलं काहीबाही चावतंय असं म्हणायची खोटी, समोरचा लगेच ज्ञान पाजळतो, "भरपूर पळव, दमलं की गप्प बसेल." अहो, बॉर्डर कॉली जातीचं आहे ते! मेंढ्यांमागे दिवसभर धावण्यासाठी ज्याच्या पिढ्यान् पिढ्या घडवल्या, त्याला पळवून दमवणार कोण, तुम्ही? रोज जास्त पळवलं की त्याचा दम वाढतो, आपला संपतो. आणि खरंच अति दमलं तर झोपायचं सोडून पिसाटासारखं चावत सुटतं. या वयात दिवसाला १८ तास तरी झोप हवी, हे मात्र कुणी सांगत नाही.

चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे २८ दात पडायला लागतात, पुढे ४२ येतात. हिरड्या शिवशिवणार, ते चावणारच. ओला फडका गोठवून समोर बसून चघळायला दिला की बरं वाटतं त्याला. वासावरून खाऊ हुडकायला लावलं की डोकंही दमतं.

पण घरातल्या माणसांना कोण शिकवणार? चार्जर जमिनीवर, मोजे सोफ्याखाली, आणि वर "याला वळणच नाही!" तोंडातली चप्पल ओढायला धावतात, त्याला वाटतं खेळ सुरू झाला. खाऊ पुढे करा, सोडतंय की चप्पल!

"मोठं झालं की सुटेल आपोआप." बरं! तोवर टेबलाला किती पाय उरतील, तेही सांगून टाका.