इंडिकेटर दिलं की श्रीमंत

उजवीकडचं इंडिकेटर दिलं की माझी गाडी श्रीमंत व्हायची. टिक केलं की श्रीमंत, टक केलं की पुन्हा मध्यमवर्गीय. हेडलाइट लावले तर घरी पोचेपर्यंत श्रीमंतच. आमच्या सात पिढ्यांत कोणाला ‘रिच’ म्हणवून घ्यायची ही पहिलीच वेळ, आणि तीही आजार म्हणून.

माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. दोन सीटची, उघड्या टपाची, गोव्यात बनलेली. पोटात रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. वरुडच्या संत्रापट्ट्यात हिला स्पोर्ट्स कार म्हणणारा मी एकटाच. घरात तिचं नाव ‘डबी’. जिच्यात संत्र्याचे चार कॅरेट मावत नाहीत तिला गाडी म्हणायचं नाही, असं बायकोचं स्वच्छ मत आहे.

तर ही डबी पेट्रोल प्यायला लागली. प्लग काढून पाहावे तर चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखे काळे. मिस्त्रीनं सायलेन्सरपाशी नाक नेलं आणि म्हणाला, “रिच चालून राह्यली भाऊ.” म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. (हे निव्वळ पेट्रोलचं. आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं, तेव्हा खरा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. पण हे मोजणारं मीटर बिचारं जुन्या वळणाचं, ते १४.७ च म्हणतं. आकडा याच्या खाली गेला की गाडी रिच.) पण किती रिच? मिस्त्रीच्या नाकाला दशांश चिन्ह नव्हतं. म्हणून मी धुरातल्या ऑक्सिजनवरून हे प्रमाण ओळखणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, तो चालवून मीटरला आकडा कळवणारा कंट्रोलर आणि एक गोल मीटर मागवलं. किंमत बायकोला निम्मी सांगितली. तिनं तीही जास्त ठरवली.

सेन्सर बॉशचा, एलएसयू ४.९. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. त्याच्या पोटात हीटर असतो आणि तो टोक ७८० अंशांपर्यंत तापवतो, तेव्हा कुठे साहेब काम सुरू करतात. हे ऐकून शेजारचे काकाजी म्हणाले, “मंग हीटर कायले पाह्यजे? मे महिना हाये, ठेव दुपारी टिनावर.”

सायलेन्सरच्या पाइपाला सेन्सरसाठी नट बसवायचं काम ट्रॉल्या जोडणाऱ्या वेल्डिंगवाल्यानं केलं. सेन्सर आडवा नाही, किमान १० अंश तिरपा हवा, नाहीतर पाइपातलं पाणी त्याच्यात साचून तो फुटतो, हे मी त्याला तीनदा सांगितलं. तो तीनदा “हाव” म्हणाला आणि त्यानं खरंच तिरपा लावला. या अख्ख्या प्रकरणात पहिल्या फटक्यात बरोबर झालेली तेवढी एकच गोष्ट.

नंतर वायरिंग. लाल वायर चावीच्या करंटला, मधे फ्यूज, काळी अर्थिंगला. पुतण्याला म्हटलं, काळी मार बॉडीला, स्क्रू पिळून. चावी फिरवली. मीटर मेलेलं. “काका, रंग आडवा येत असन,” पुतण्या म्हणाला. अनुभवी माणसाचं बोलणं पटतं, तसं मला ते पटलं. तो पॉलिशपेपरनं रंग घासायला बसला. लाल रंग गेला, खालचा राखाडी गेला, मग पांढरी भुकटी निघायला लागली. “पत्रा लय खोल हाये,” असं म्हणत तो घासतच राहिला. अर्ध्या तासानं त्याला कोपरापर्यंत खाज सुटली, मग मला, मग खर्रा घोटत बसलेल्या तीन बघ्यांना. खाजकुयलीच्या वेलात लोळावं तशी आमची गत.

तेवढ्यात मोटारी रिवाइंडिंग करणारा भाऊ आला. बोअरच्या मोटारीत आयुष्य गेलेला माणूस.

“अर्थिंग कुठी देल्ली?”

“बॉडीला.”

त्यानं बोनटवर दोन टिचक्या मारल्या. “बॉडी कायची हाये?”

“फायबरची,” मी म्हणालो आणि बोलता बोलताच समजलो.

“पाण्याच्या टाकीले अर्थिंग देते का राज्या कोनी?”

ही गोष्ट पुढले आठ दिवस पानठेल्यावर माझ्याआधी पोचायची.

मग कंट्रोलरची काळी वायर थेट इंजिनला नेली. कंट्रोलरचा दिवा लागला. सेन्सर मोकळ्या हवेत धरून त्याला २०.९ टक्के ऑक्सिजनची ओळख करून द्यायची असते, तर नेमके काकाजी विडी पेटवून सेन्सरच्या तोंडाशी वाकलेले. “काकाजी, जरा तिकडे व्हा, याला शुद्ध हवा पाहिजे.” काकाजी उठले, पण जाता जाता म्हणाले, “आमाले बी पाह्यजे होती बाबू, कोनं इचारलं?”

मीटरची काळी वायर मात्र इंजिनपर्यंत दीड वीत कमी पडली. जोड द्यायचा तर सोल्डर हवं, सोल्डरला लाइन हवी, आणि लाइन रात्री बारानंतर. मी ती डॅशबोर्डमागच्या काळ्या वायरींच्या जुडग्यात खुपसली आणि टेप गुंडाळली. जुडग्यात इंडिकेटर आणि हेडलाइट आधीपासून नांदत होते.

तिथून ही श्रीमंती सुरू झाली. जुडग्याचा जोड गंजलेला. दिव्यांचा करंट त्यातून जाताना मीटरची अर्थिंग पाव व्होल्टानं वर उचलली जायची. कंट्रोलर आपला इंजिनपाशी बसून खरं बोलतोय, पण मीटर ते पाव व्होल्ट कमी ऐकतंय. माझ्या मीटरवर एक व्होल्ट म्हणजे दोन आकडे, तेव्हा दर टिकटिकीला अर्ध्यानं खाली. मी चार दिवस इंडिकेटर न देता, हात बाहेर काढून वळलो. मागच्या एसटीच्या ड्रायव्हरनं काय म्हटलं ते इथे लिहिता येत नाही.

रात्री साडेबाराला लाइन आली तेव्हा रिवाइंडिंगवाल्या भाऊनं जोड दिला आणि मीटरची वायर कंट्रोलरच्याच बोल्टाखाली बांधली. इंडिकेटर दिलं. आकडा हलला नाही. हेडलाइट लावले. नाही हलला. ११.८. दिवे असोत नसोत, ११.८.

म्हणजे गाडी खरंच रिच होती. मिस्त्रीचं नाक बरोबर.

भाऊ आता पेटला होता. तोंडात बॅटरी धरून तो इंजिनात शिरला आणि पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचं सॉकेट उपसून बाहेर आला. पिना हिरव्या पडलेल्या. या सेन्सरचा रोध जितका जास्त, तितकं इंजिन थंड, असं गाडीचा कॉम्प्युटर समजतो. आणि गंजानं रोध भरपूर वाढवलेला. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त द्यायचं, हा त्याचा नियम. वरुडात ४५ अंशांत, टिनाच्या शेडखाली उभी असलेली माझी गाडी महिनोन्‌महिने हिवाळा समजून पेट्रोल पीत होती.

पॉलिशपेपरचा एक तुकडा, दोन मिनिटं. आकडा चढत चढत १४.७ ला येऊन बसला.

सकाळी काकाजींना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, विडी विझवली आणि बोनटवरून हात फिरवत म्हणाले, “पोरीले थंडी वाजत होती, अन् तू तिले मीटर लावून राह्यला होता?”